आरची एकेचाळीस गाणी

काचेवरचा तडा नेमका त्या अक्षरांच्या रांगेला लागून खाली उतरला होता, आणि तड्याच्या डाव्या अंगाला, एकाखाली एक... आर... आर... पुन्हा आर. उज्ज्वलाने कणकेचं बोट पदराला पुसलं आणि यादी वर सरकवली. आर. अजून वर सरकवली, अजून आरच. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं, दहावीला छत्तीस मार्क होते आणि तेही पेपर तपासणाऱ्याला दया आली म्हणून, पण अक्षरं येत होती. अक्षरं काही कोणी विसरत नाही. एकेचाळीस गाणी होती. सगळी इंग्रजी, आणि एकूणएक गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर तेच. सगळ्यात वर, जिथे यादीचं नाव असतं तिथे, नावबिव काही नाही — नुसतं एक आर आणि त्याच्या शेजारी लाल बदाम.

मोबाइल प्रेरणाचा जुना. नवा घेतल्यावर तिने हा स्वयंपाकघराच्या खिडकीत चार्जरला कायमचा जोडून ठेवला होता, 'आई, आता हा तुझा रेडिओ' म्हणून. एक बटण दाबलं की भूपाळी लागते एवढंच उज्ज्वलाला ठाऊक. आज कणकेचं बोट घसरलं, भूपाळीऐवजी भलतंच दार उघडलं. उघडलं ते उघडलंच. आता लावून घेता येईना. आणि आजच उघडायचं होतं का बाई हे? चार वाजता कळंबची मंडळी सुपारी फोडायला येणार होती. पाटावर सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग कोणी मागे सरत नाही, सरलंच तर गावाला वर्षभर पुरेल इतकं बोलायला मिळतं.

तिने कणकेवर ओला फडका टाकला. योगायोग असेल... एखाद्याला लिंबूच आवडतं, एखादीला हिरवीच साडी आवडते, तसं हिला आर आवडत असेल. पण अक्षर कोणाला नुसतं आवडतं? अक्षर माणसाचं असतं. मूल जन्मलं की गुरुजी पत्रिका पाहून अक्षर काढतात. भांडं घेतलं की दुकानदार त्यावर टकटक करून नाव घालतो, आणि मग लग्नाच्या पंगतीतून पातेलं कोणाच्याही घरी गेलं तरी अक्षरावरून परत येतं. तिच्या मांडणीवरचं प्रत्येक ताट सांगेल मी कोणाचं म्हणून. फक्त माहेरचा तो पाण्याचा पितळी गडवा तेवढा घासून घासून गुळगुळीत झालेला. तेव्हा हा आर कोणाचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आधीच येऊन बसलं होतं.

रजत. प्रेरणा शिकवते त्या शाळेतला, कॉम्प्युटर शिकवणारा. मारेगावहून सुटणारी शेवटची गाडी दोनदा चुकली तेव्हा दोन्ही वेळा त्यानेच तिला मोटारसायकलवर बसवून दारापर्यंत आणलं होतं. दुसऱ्या वेळी उज्ज्वलानेच त्याला जेवायला थांबवलं... मीच! भाकरी मोडून ठेच्यासोबत खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा ठेचाच मागत होता, आणि मी आपली हसून वाढत होते, लेकराला आवडलं म्हणून. तो आपल्यातला नाही हे तेव्हाही माहीत होतं, पण जेवायला बसलेल्याला कोणी त्या नजरेने पाहतं का? पाहायला पाहिजे होतं.

तिने पुन्हा यादी पाहिली. पहिला शब्द तेवढा लागत होता, पुढचं सगळं धुकं. एकात पाऊस होता. एकात नदी. एकात रस्ता, दोन-तीनदा रस्ताच. एकात लाल रंग. आणि खाली, तड्याच्या अगदी टोकाला, जो शब्द होता तो तिला गावातल्या शेंबड्या पोरांच्या क्रिकेटमुळे पक्का माहीत होता — रन. पळ. पाऊस, नदी, रस्ता आणि पळ... पोरीने काय इंग्रजीत चिठ्ठी लिहून ठेवली की काय माझ्या चुलीसमोर? मला वाचता येत नाही म्हणून?

"उज्ज्वला, पानं पुसून ठेवू का आत्ताच?" बाहेरून लीलाबाईंचा आवाज आला. लीलाबाई म्हणजे उज्ज्वलाच्या नवऱ्याची, पुंडलिकरावांची, थोरली बहीण, कालच मुकुटबनहून आली होती आणि आल्यापासून घर तिच्या ताब्यात होतं. उज्ज्वलाने मोबाइल पालथा घातला, खिडकीतल्या तुळशीच्या डब्यामागे ढकलला आणि बाहेर आली. लीलाबाई ओसरीत पाय पसरून बसली होती, मांडीत परात, परातीत विड्याची पानं.

"पुसा ना बाई."

"अवं, सांगाचंच राह्यलं. भगवानरावाच्या बहिनीचा फोन आलता. पोरीचं नाव काढून ठेवलं म्हने त्याइनं. पत्रिकेत 'स' निंगाला. साक्षी का समीक्षा, असं काईतरी. मी म्हटलं, ठेवा बापा, तुमच्या घरची सून."

भगवानराव म्हणजे होणारे व्याही, मुलगा कपिल, कृषी सेवा केंद्राचं दुकान, माणसं साधी. लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीच्या टोकाने त्यात नवं नाव लिहायचं, बायकांनी पेढे वाटायचे, अन् त्या दिवसापासून पोरगी त्या नावाची. ह्यात नवल ते काय. उज्ज्वलाचं लक्ष आत डब्यामागे होतं.

"ठेवू द्या ना," ती म्हणाली. "नाव काय, बदलतेच."

तेव्हा तिला दिसलं की प्रेरणा मधल्या दारात उभी आहे, ओल्या केसांत कंगवा अडकलेला, तिचं सगळं ऐकून झालेलं. प्रेरणाने आत्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं... बराच वेळ, राग नव्हता त्यात, बाजारात आपल्या माणसाने ओळख न दाखवता पुढे निघून जावं तेव्हा जसं पाहतो तसं काहीसं. मग ती कंगवा ओढत आत गेली.

पाहिलंस? उज्ज्वलाने स्वतःला म्हटलं. लग्नाचा शब्द निघाला की कसा चेहरा होतो ते पाहिलंस?

मागच्या खोलीत पुंडलिकराव कापूस दाबत होते. समोरच्या खोलीतला ढीग पाहुण्यांसाठी पहाटेच इकडे आणून टाकला होता, आता खोली छतापर्यंत भरली होती आणि दार लागत नव्हतं. पुंडलिकराव दोन्ही हातांनी ढीग मागे ढकलत, पायाने दार ओढत, एकटेच त्या पांढऱ्या डोंगराशी भांडत होते. केसांवर, भुवयांवर पुंजके. माणूस चांगला. सत्तावीस वर्षांत त्याने बायकोवर हात उगारला नाही, आवाजसुद्धा क्वचित. फक्त ठरवायचं काही आलं की 'तुझ्या आईले विचार' म्हणून मोकळा. ह्याला सांगितलं तर काय होईल? आधी खाली बसेल. मग बीपीची गोळी मागेल. मग म्हणेल, तूच विचार तिला. आणि तोंड पाहून पाहुणे समजायचं ते समजतील.

"काय वं?" त्यांनी वळून पाहिलं. "बोल ना."

बोल. आत्ता बोललीस तर चार तास आहेत, फोन करता येईल, घरात दुखणं आहे म्हणून तारीख पुढे ढकलता येईल. नाही बोललीस आणि सुपारी फुटली, अन् महिन्याभराने पोरगी ह्या रस्त्याने, ह्या नदीवरून... तर मग तुला माहीत होतं, उज्ज्वला. सगळ्यांच्या आधी तुला माहीत होतं. दोन्हीकडून तूच मेलीस.

"दुधाचं सांगतलं का तुमी?" ती म्हणाली.

"सांगतलं की सकाळीच."

"बरं."

बाराच्या सुमारास फाटकाशी मोटारसायकल थांबली. तोच होता. मागे दोरीने बांधलेलं मोठं गाठोडं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. डिसेंबरचं ऊन, पण बारा किलोमीटरचा खडीचा रस्ता कोणालाही घाम काढील.

"काकू, नमस्कार. खुर्च्याइचे कव्हर मागितले होते मॅडमनं, शाळेतले. कुठी ठेवू?"

"ठेव तिथंच."

त्याने गाठोडं ओसरीच्या कडेला ठेवलं. ती त्याच्या चेहऱ्यात शोधत होती... चोरटेपणा, दुःख, उर्मटपणा, काहीतरी. काहीच सापडत नव्हतं, धुळीने माखलेला साधा, थकलेला चेहरा. सराईत असेल.

"मी थांबू का काकू? वाढाले, चहा द्याले कोनी लागते ना."

"नाई. हायेत घरचे लोकं."

"बरं बरं." तो हसला, गाडीपर्यंत गेला, मग परत वळला. "काकू, पानी भेटन का जरासं?"

माठ तिच्या मागे दोन हातांवर होता. गडवा माठावर पालथा होता. पाणी द्यायला ती वळली असती, आणि प्रेरणा बाहेर आली असती, आणि लीलाबाई पान पुसता पुसता बघत बसली असती...

"आज लय घाई हाय रे बाबू," ती म्हणाली.

त्याला समजलं होतं. न समजण्यासारखं त्यात काय होतं? ह्या भागात दारी आलेल्याला, मग तो भिकारी असो की तलाठी, पाणी न पाजता कोणी परत पाठवत नाही. तिची सासू जिवंत असती तर हातातलं टाकून बाहेर आली असती. मान हलवून त्याने गाडी सुरू केली. धूळ खाली बसेपर्यंत उज्ज्वला तिथेच होती, आणि बरं केलंस, बरं केलंस, असं मनाशी म्हणत होती, आणि घसा मात्र तिचाच कोरडा पडला होता.

पुरण वाटताना तिला आठवलं की ही गाणी तिने ऐकलेली आहेत. ऐकलेली म्हणजे काय, तीन-चार महिने रोज संध्याकाळी ती तिच्या पोळ्यांवरूनच तर गेली होती! प्रेरणा शाळेतून यायची, तोंड धुऊन खिडकीशी बसायची आणि काहीतरी लावायची, न समजणारं, कधी ढोल बडवल्यासारखं, कधी नुसती तार छेडत एकटी बाई म्हणतेय असं. पोळ्याच्या सणाच्या आसपास, एका संध्याकाळी, असंच एक लागलं होतं. बाईचा आवाज जाडसर, जवळचा, जसं काही ती बाई विहिरीच्या काठावर बसून स्वतःशीच... आणि उज्ज्वलाचं लाटणं थांबलं होतं. 'हे कोनतं वं?' तिने विचारलं होतं. 'लाव बरं पुन्हा.' प्रेरणाने चमकून पाहिलं होतं, कारण आईने गाणं पुन्हा लाव म्हणणं हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. तीनदा लावलं. तव्यावरची पोळी जळली.

म्हणजे त्याचं गाणं मला ऐकवत होती. मी मान डोलावत होते. आई म्हणून काय राहिलं माझं?

साडेतीनला ती प्रेरणाला साडी नेसवत होती. खोलीचं दार लावलेलं, बाहेर लीलाबाई खुर्च्यांना कव्हरं चढवत कोणावर तरी ओरडत होती. जांभळी साडी, निऱ्या एकीवर एक बसत नव्हत्या. दोन पिना दातांत धरलेल्या. त्या काढल्या की बोलावं लागेल म्हणून तिने त्या बराच वेळ तशाच धरल्या. मग काढल्या.

"आर कोन हाय?"

"काय?"

"त्या मोबाइलात. एकेचाळीस गाने हायेत. सारे आरचे. वर बदाम हाय." आवाज चढू नये म्हणून ती निऱ्यांशीच बोलत होती. "अजून सुपारी फुटली नाई, पोरी. जे असन ते आत्ता सांग. मी मरतो का जगतो ते मी पाहून घेईन, पन आत्ता सांग. रजत हाय का?"

प्रेरणा हसली. आधी खळखळून, हात तोंडावर ठेवून. मग ते हसू आईच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबलं, आणि तिथे थांबल्यावर हसण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

"आई, तुले खरंच नाई समजलं?"

"काय समजाचं?"

निऱ्या हातात धरून, अर्धी साडी जमिनीवर लोळत, प्रेरणा मागच्या दाराने वळसा घालून ओसरीपर्यंत गेली आणि माठावरचा गडवा घेऊन आली. पालथा केला. काठाच्या खाली, जिथे बोटं धरतात तिथे, तिने आईचा अंगठा धरून ठेवला. "वाच."

वाचायला काही नव्हतं. बारीक बारीक टिंबं होती, घासून बुजलेली, एवढी की डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याला लागली. पहिलं अक्षर रे. मग काहीच नाही. मग शेवटी, का.

रेणुका.

"आर म्हंजे तू, आई."

तिला आधी काही वाटलंच नाही. कोणाचं तरी नाव आहे हे समजलं, कुठेतरी ऐकलेलं... मग एकदम वडील दिसले, कळंबच्या बाजारात भांड्याच्या दुकानासमोर उकिडवे बसलेले, दुकानदाराला सांगणारे, 'नीट घाला बापा, माहूरच्या देवीच्या नवसाची हाय.' मग तांदळाचं ताट. सासू म्हणाली होती, देवीचं नाव. सुनेला हाका मारायच्या, कधी रागं भरायचं, कधी उष्टं काढायला लावायचं, ते देवीच्या नावाने कसं करणार? लीलाबाईंनी उज्ज्वला सुचवलं. सगळ्यांना पटलं, तिलाही पटलं, त्यात वाईट काय होतं? देवीला कोणी रागावू नये, हे बरोबरच होतं. वडील गेले, आई गेली, भाऊ तर आधीपासून बाईच म्हणायचा. आणि हा गडवा रोज दोन वेळा, चिंच-राख लावून, जोर देऊन, सत्तावीस वर्षं तिनेच घासला होता.

"त्या दिवशी तू गानं पुन्हा लाव म्हटलं," प्रेरणा म्हणत होती, "मी नाव पाह्यलं त्याचं, आरवरून होतं. अन् दुसऱ्या दिवशी गडवा भरताना मले हे दिसलं. मंग मी मराठीत शोधले ना, रेणुकाचे गाने. सारे देवीचे. आरत्या, जोगवे... तुहं एकही नाई. म्हनून म्हटलं, तिकडचे घेऊ. त्या लोकाइले कुठं माहीत हाय देवी? आरवरून जे भेटलं ते जमवत गेलो."

"अन् बदाम?" उज्ज्वलाने विचारलं.

"बदाम काय पोराइलेच असते का?" मग, "रजत सर आलते ना? पानी-गिनी दिलं का त्याइले?"

उज्ज्वला खाली बसली आणि पुन्हा निऱ्या घालू लागली. ह्या वेळी त्या बसल्या.

"आई, मले नाव नाई बदलाचं," वरून आवाज आला, हळू. "कपिलले सांगतलं मी फोनवर. तो म्हनते मले चालते, पन आत्यासमोर मी नाई बोलू शकत. बाबाइले सांगतलं, ते म्हने आईले विचार. मी आज तुलेच विचारनार होतो. तं तू सकाळी म्हटलं... नाव काय, बदलतेच."

बाहेर गाडीचे दरवाजे लागले, एक, दोन, तीन. लीलाबाईचा 'या या या' सुरू झाला.

समोरच्या खोलीत कापसाचा वास अजून होता. भगवानराव मधल्या खुर्चीवर, शेजारी त्यांची बहीण, कोपऱ्यात कपिल स्वतःच्या बुटांकडे पाहणारा. पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी. पाणी झालं, चहा झाला, तुरीच्या भावाचं बोलणं झालं, आणि भगवानरावांनी अडकित्ता उचलला. उज्ज्वला आतल्या दारात उभी होती, हातात गडवा, तो तिने आत ठेवून यायला हवा होता. प्रेरणा समोर दुसऱ्या पाटावर मान खाली घालून बसलेली.

"नाव आमी 'स'वरून काढलं बरं," भगवानरावांची बहीण म्हणाली. "तुमची काई हरकत नाई ना?"

"हरकत कायची?" लीलाबाई म्हणाली.

"नाई, तसं नाई." भगवानरावांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि थांबले. "पोरीच्या मायले विचारलं पायजे."

प्रेरणाने मान वर केली नाही. नुसतं, साडीच्या काठावरचं तिचं बोट हलायचं थांबलं. म्हणायचं काय ते उज्ज्वलाला माहीत होतं, दोन्ही उत्तरं जिभेवर तयार होती, आणि एका उत्तराने ही माणसं चहाच्या कपांसकट उठून जाऊ शकली असती, आणि दुसऱ्याने... दुसऱ्याने काहीच झालं नसतं, सगळं छान पार पडलं असतं. बाराला एका पोराला तिने घाईचं कारण सांगून तहानलेलं घालवलं होतं. अंगठ्याखाली टिंबं लागत होती.

"उज्ज्वला," पुंडलिकराव म्हणाले, "सांग ना."

तिला ऐकू आलं होतं, नीट ऐकू आलं होतं, सगळे आपल्याकडेच पाहताहेत हेही दिसत होतं.

"उज्ज्वला..."

आणि तरी ती गडवा धरून दारातच उभी राहिली, त्या नावाची जी कोणी बाई घरात असेल तिने काय ते उत्तर द्यावं म्हणून वाट पाहत.